ट्रॅक्टरच्या नाकावरचा ब्लोअर

६ ऑक्टोबर

ठोक्या,

वर्कशॉपात ठोकाठोक करून तुझे कान कधीच कामातून गेलेत, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मी इकडून घसा फोडायचा आणि तू तिकडून "काय? काय?" करायचं, त्यापेक्षा कागद बरा. शिवाय फोन हातात घेतला की हे समोर येऊन बसतात, आणि मला जे सांगायचंय ते ह्यांच्याबद्दलच आहे.

मला वीट आलाय. झाडांचा आलाय, पाल्याचा आलाय, आणि खरं सांगू का, तुझ्या भावजींचा आलाय.

तू इथे एकदाच आलास, तेही ऐन उन्हाळ्यात, सगळं हिरवंगार असताना. "काय नशीब काढलंस ताई, वृद्धनिवासाच्या फाटकाशी दोन खोल्या आणि समोर एवढी बाग!" असं म्हणून गेलास. आता ये आणि बघ. सत्तरेक झाडं एकदम पानं टाकतात. त्यावर दव पडतं, आणि सकाळी पाऊल ठेवलं की काळं बुळबुळीत काहीतरी चपलेच्या कडेने बोटांवर येतं. त्यात फाटकापाशी ती दोन पिवळ्या फळांची झाडं. फळ बोराएवढं, दिसायला गोजिरवाणं, पण पायाखाली फुटलं की आत्ताच कोणीतरी ओकून गेल्यासारखा वास. वाढवून सांगत नाही. पहिल्या वर्षी मी हातात फडकं घेऊन शोधत होते, कोण ओकलं म्हणून. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला. शी!

आणि ह्यांना काही म्हणजे काही वाटत नाही. अठरा वर्षं माळीकाम करून माणूस इतका निगरगट्ट व्हावा? परवा मेलेलं कबूतर उघड्या हातांनी उचलून दारात आले, "हे कुठे पुरू?" विचारायला. मनगटावर अळ्या चढत होत्या आणि ह्यांचं लक्षही नाही. मी किंचाळले तेव्हा खाली बघितलं. त्याआधी पाल्यात कोणा आजोबांची कवळी सापडली. ती कुठे ठेवावी? जेवणाच्या टेबलावर, माझ्या कपाला खेटून. हात धुतात म्हणजे नळाखाली नुसते धरतात. नखांतलं काळं तसंच, आणि त्याच हातांनी घास. मी आता ताट घेऊन ओट्याशी उभी राहून जेवते. समोर बसवतच नाही.

बरं, आता कामाचं. आमचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही इस्त्री म्हणतो (माणसाच्या अंगावर एक चुणी सापडायची नाही, तोंडावरही नाही), त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलंय की पंधरा नोव्हेंबरला विश्वस्त येणार. त्या दिवशी बागेत पान दिसता कामा नये. दिसलं तर सफाई बाहेरच्या कंपनीकडे, आणि माळी गेला की माळ्याच्या खोल्याही गेल्या. एवढं सरळ सांगितलंय.

हे पाला उडवायचा ब्लोअर पाठीवर घेतात, नळी हातात धरतात आणि एक फेरी करायला चार दिवस लावतात. तोवर पहिल्या झाडाखाली पुन्हा ढीग. पूर्वी दोन दिवसांत व्हायचं. आता मधेच थांबतात, ब्लोअर बंद करतात आणि हात काखेत घालून पुतळ्यासारखे उभे. आळस, दुसरं काय! मी खिडकीतून बघते आणि अंगाचा तिळपापड होतो.

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये नुसता उभा आहे. त्यावर ब्लोअर बसवता येईल का रे? म्हणजे ह्यांनी फक्त बसायचं आणि फिरवायचं. एवढं तरी आळशी माणसाला जमेल. लवकर लिही.

तुझी ताई


१२ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं. कबुतरापर्यंत आलो आणि डबा बंद केला. पुढच्या वेळी पाकिटावर लिहीत जा, रिकाम्या पोटी वाचू नये आणि भरल्या पोटीही वाचू नये.

ब्लोअर ट्रॅक्टरवर बसतो, न बसायला काय झालं? ट्रॅक्टरच्या नाकाखाली एक जाड पट्टी असेल, तिला चार भोकं. मागे ओझं असलं की पुढे वजनं लावतात, त्यासाठी ती असते. मी लोखंडी अँगलचा एक स्टँड करून पाठवतो. तो त्या चार भोकांवर बसेल, त्यात ब्लोअर उभा करायचा आणि पट्ट्याने बांधायचा. ब्लोअरचा सायलेन्सर बाहेरच्या बाजूला, चालवणाऱ्याकडे नाही. नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर वर आणि उजवीकडे वळलेलं. रेस कमी-जास्त करायला मी सायकलच्या ब्रेकची लांब केबल जोडून देतो, ती स्टिअरिंगपाशी आणा. म्हणजे ब्लोअरला हात लावायचं कारणच नाही.

भोकांमधलं अंतर मोजून कळव. मोजताना पट्टी एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत धर. आमच्याकडे शिकलेसवरलेले लोक कडेपासून मोजतात आणि मग मला शिव्या देतात.

चालवायचं असं: झाडाच्या बुंध्यापासून सुरुवात करायची आणि गोल गोल बाहेर यायचं, पाला नेहमी बाहेरच्या अंगाला. दव वाळल्याशिवाय सुरू करायचं नाही, ओला पाला हलत नाही, नुसता लोळतो. माळी माणसाला मी काय सांगणार म्हणा, पण सांगितलं.

भावजींवर इतकी नको चिडूस. हात काखेत घालून उभं राहणं हा काही गुन्हा नाही.

तुझा
ठोक्या


२७ ऑक्टोबर

ठोक्या,

कार्डावर कळवलेल्या मापाचा तुझा स्टँड आला, बसला आणि आमची अब्रू घेऊन गेला.

बसवायला ह्यांना अर्धा दिवस लागला. नट हातातून चार वेळा पडला, आणि प्रत्येक वेळी गवतात शोधायला मी. पण बसला. ट्रॅक्टरच्या नाकावर ते धूड असं दिसत होतं, की खिडक्यांतून म्हातारी मंडळी हसायला लागली. मग ह्यांनी ऐटीत ट्रॅक्टर सुरू केला, ब्लोअर सुरू केला आणि निघाले. कुठून सुरुवात करावी? फाटकापासून. त्या दोन झाडांखालून.

तू पाल्याचा हिशेब केलास, फळांचा कोणी केला? तो पिवळा लगदा असा काही उडाला म्हणतोस! इस्त्रीची पांढरी गाडी फाटकापाशी उभी, तिची काच, दारं, टप, सगळं चिकट. माझ्या दोरीवर चादरी वाळत होत्या. मी दारात उभी होते, तोंड उघडं होतं. पुढचं लिहीत नाही. तीन वेळा दात घासले तरी तो वास घशात आहे. आणि हे? ह्यांनी ट्रॅक्टर थांबवला, गालावरचा लगदा हाताच्या पाठीने पुसला आणि म्हणाले, "आधी फळं वेचायला हवी होती." हे आत्ता सुचलं!

इस्त्री बाहेर आले, गाडीकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि नुसतं "पंधरा तारीख" म्हणून आत गेले. गाडी आम्ही दोघांनी धुतली. म्हणजे मी धुतली. ह्यांच्या हातातून फडकं निसटत होतं. काचेवर तिथल्या तिथे नुसता हात फिरवायचा आणि "झालं" म्हणायचं. आता फळं मी वेचते, रोज सकाळी, नाकाला फडकं बांधून. माझ्या नशिबात हेच राहिलं होतं.

पण तुझं यंत्र काम करतं, हे कबूल करायला हवं. अख्खी बाग एका दिवसात झाली. पंधरा तारखेला पान दिसणार नाही, खोल्या राहतील. त्याबद्दल तुझे उपकार.

एक गोष्ट मात्र चुकली आहे तुझी. काल शेडपर्यंत ट्रॅक्टर मी नेला, ब्लोअर सुरूच होता. अरे, स्टिअरिंग धरवत नाही! असं थरथरतं की दातावर दात आपटतात. शेडपर्यंत किती, पन्नास पावलं असतील, पण तासभर माझ्या पंजांना मुंग्या होत्या. मी ह्यांना म्हटलं, हे एवढं हलतं आणि तुम्ही दिवसभर कसं धरता? तर म्हणे, "कुठे हलतंय? तुझ्या भावाने मधे रबराचे तुकडे घालून ठेवले होते, सगळं डुगडुगत होतं. मी ते गच्च आवळून टाकलंय. रोप हललं की मुळं सुटतात." रोप! ब्लोअर म्हणजे रोप का? पण ह्या माणसाने जन्मभर काठीला रोपं बांधली, ह्यांना हललेलं काही चालतच नाही. खुर्चीचा पाय हलला तरी सुतळी घेऊन बसतात.

आणि आता किळसवाणी गोष्ट, लिहिल्याशिवाय राहवत नाही. परवा जेवताना मला कातडं जळल्याचा वास आला. बघते तर ह्यांच्या उजव्या तळव्यावर हा एवढा फोड, फुटलेला, त्याला पाला चिकटलेला. सायलेन्सरवर हात टेकला होता म्हणे, सकाळी. सकाळी! आणि दिवसभर तसेच हिंडले. तसाच तो हात घेऊन ताटावर बसले. "लक्षात नाही आलं" म्हणतात. ठोक्या, जनावरसुद्धा जखम चाटतं रे. मी जेवण टाकून उठले. खरंच सांगते, एकेका वेळी ह्या माणसाच्या शेजारी बसायची शिसारी येते मला. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर बाईने असं लिहू नये, पण येते.

तुझी ताई


१ नोव्हेंबर

भावजी,

नमस्कार. सोबत स्टँडचा नकाशा पाठवतोय. रबर ज्या चार जागी आहे तिथे लाल खूण केली आहे. ते चारही नट सैल करा. रबर दबलं नाही पाहिजे, ब्लोअर रबरावर डुलला पाहिजे. त्याचं डुलणं म्हणजेच स्टँडचं काम. हे मी आधीच लिहायला हवं होतं. आमच्या वर्कशॉपात कोणाला सांगावं लागत नाही, म्हणून लिहिलं नाही. चूक माझी.

आत घडी घातलेला कागद ताईसाठी आहे, तो तिला द्या.

आपला
ठोक्या


(घडी घातलेला कागद)

ताई,

रागावू नकोस आणि हे भावजींसमोर वाचू नकोस.

तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा काढून वाचली. अळ्या चढल्या तरी कळलं नाही. नट पडतो. फडकं निसटतं. हात धुताना बोटाला बोट लावत नाहीत. स्टिअरिंग थरथरतं ते तुला पन्नास पावलांत कळलं आणि त्यांना दिवसभरात नाही. तळवा भाजला तो तुला वासावरून कळला, त्यांना कळलाच नाही. ताई, हा माणूस घाणेरडा नाही. त्यांच्या हातांना काही लागतच नाहीये.

आमच्याकडे एक ग्राइंडरवाला होता. वीस वर्षं हातात थरथरतं यंत्र. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची, तेव्हा तोही हात काखेत घालून उभा राहायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. पुढे बोटं मेली. खिशात किल्ली आहे की नाही, ते बघून सांगायचा. भावजींनी अठरा वर्षं काय धरलं हातात? कुंपण कापायचं यंत्र, गवताचं यंत्र, ब्लोअर. माझे जसे कान गेले, तसेच हे.

एक करून बघ. डोळे मिटायला सांग आणि हातावर एकदा शर्टाचं बटण ठेव, एकदा वाटाणा. काय आहे ते विचार. सांगता आलं तर मला मूर्ख म्हण, मी आनंदाने ऐकेन. नाही आलं तर त्यांना डॉक्टरकडे ने, आणि तोवर ते यंत्र हातात धरू देऊ नकोस. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राहतं.

ठोक्या


७ नोव्हेंबर

ठोक्या यास,

तुझा नकाशा मिळाला. नट सैल केले.

तुझ्या बहिणीसाठीचा कागदही मी वाचला. पाकीट माझ्या नावाचं होतं, सगळं एकदम बाहेर आलं. पहिल्या ओळीनंतर थांबायला हवं होतं, नाही थांबलो. कागद तिला दिलेला नाही. अक्षराकडे बघू नकोस, पेन हल्ली वळतं तिकडे वळतं, एवढं लिहायला दोन रात्री लागल्या.

मला दोन वर्षांपासून माहीत आहे. बटण आणि वाटाणा मी स्वतःच करून पाहिलं आहे, वेगळ्या वस्तू घेऊन. तुझ्याकडून शिकायची गरज नव्हती. शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणून वरून डोक्यातून घालायचे शर्ट घेतले. ती म्हणाली, म्हातारपणी काय ही फॅशन. म्हटलं, असू दे.

तुला वाटेल, बायकोला का नाही सांगितलं. सांगतो. इथे तीनशे म्हातारे आहेत. ज्याचे हात चालत नाहीत त्याला भरवायला माणूस येतो, तोंड पुसायला माणूस येतो, आणि सगळे त्याच्याशी लहान मुलाशी बोलतात तसं बोलतात. मी अठरा वर्षं खिडक्यांतून बघतोय. मला त्याची किळस आहे. तिला माझी शिसारी येते हे मला ठाऊक आहे, ती ओट्याशी उभी राहून जेवते ते काय मला दिसत नाही? येऊ दे. शिसारी आली की ती भांडते, ओरडते, "हात धुवा" म्हणते. मला नवऱ्यासारखं वागवते. कीव आली तर ती माझे हात धुवायला येईल. ते मला चालणार नाही.

पंधरा तारखेपर्यंत तोंड बंद ठेव. इस्त्रीला कळलं तर पंधराचीही वाट बघणार नाही. ही जागा गेली तर तिला कुठे नेऊ? त्यानंतर काय ते मी बघेन. आणि आमच्या घरात पुन्हा नाक खुपसू नकोस.

स्टँड चांगला केला आहेस.


११ नोव्हेंबर

भावजी,

पंधरापर्यंत गप्प बसतो, एक दिवसही जास्त नाही. तुमच्यासाठी बसतो आणि मला स्वतःची घाण वाटते. ती माझी बहीण आहे, तिच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही असं तिला वाटतंय.

ब्लोअर ट्रॅक्टरवरून उतरवू नका. कोणी काहीही म्हणो. पाठीवर घेऊन नळी हातात धरलीत तर मी गप्प बसणार नाही.

ठोक्या


१८ नोव्हेंबर

ठोक्या,

तुझ्या गप्प बसण्याचं कारण आता कळलं. तुझा घडी घातलेला कागद ह्यांनी सोळा तारखेला स्वतः माझ्या हातात दिला. तुम्ही दोघं पुरुष मिळून मला खुशाल मूर्ख बनवत होतात. थू तुमच्या शहाणपणावर! पण आधी पंधरा तारखेचं सांगते, कारण ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सकाळपासून बाग लख्ख होती. फळं मी अंधुक उजाडताच वेचली. हे ट्रॅक्टरवरून शेवटची फेरी मारत होते, ब्लोअर रबरावर डुलत होता, सगळं छान. विश्वस्त आले, सात जण, बुटांना चिखल लागायला नको म्हणून दगडांवरून उड्या मारत. इस्त्री पुढे. ट्रॅक्टर बघितला आणि त्यांच्या कपाळाला आयुष्यातली पहिली आठी पडली. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे काय भंगार नाकावर लावून फिरताय पाहुण्यांसमोर? उतरवा. रीतसर पाठीवर घ्या."

रीतसर! ह्यांनी उतरवला, पाठीवर घेतला, नळी धरली. हवा गार होती. पाहुणे हिरवळीवर उभे, त्यांना दाखवायला म्हणून हे एका झाडाखाली चार पानं उडवत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इस्त्रीने हाताने खूण केली, बंद करा. बंद होईना. पुन्हा खूण केली. यंत्र आणखी मोठ्याने ओरडायला लागलं, नळी फिरली आणि आदल्या दिवशी कुंपणाआड लोटलेला भिजलेला ढीग उठून थेट पाहुण्यांच्या अंगावर. एका बाईंच्या केसांत, एकांच्या चष्म्यावर. पाहुणे ओरडतायत, इस्त्री ओरडतायत, आणि हे नळीकडे बघत उभे. नुसते बघत. मी धावत गेले, पाठीवरचं बटण दाबून यंत्र बंद केलं, आणि मग मला हात दिसला.

बोटं मिटलेली होती रे. हँडलभोवती. मेणासारखी पांढरी, नखं निळी. हे ती उघडायचा प्रयत्न करत होते आणि ती उघडत नव्हती. मी एकेक बोट धरून सोडवलं. सव्वीस वर्षांत मी तो हात इतका वेळ धरला नव्हता. थंडगार. मी विचारलं, "दुखतंय का?" तर हळूच म्हणाले, "तू धरलंयस का?"

एवढ्यावरून मला सगळं कळलं. कबूतर कळलं, कवळी कळली, फोड कळला. तुझ्या वाटाण्याची गरज पडली नाही.

किळस कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं, ठोक्या. ओल्या पाल्याची नाही, त्या सडक्या फळांची नाही. मी खिडकीत उभं राहून ह्या माणसाला आळशी म्हणत होते. जनावर म्हटलं, ते तुला लिहूनही कळवलं. ती पत्रं जाळून टाक. आणि तुझी, ह्यांचीही चीड आली, तीही सांगून टाकते. मला विचारलंत का कोणी, की तुला काय झेपेल? दुसऱ्या दिवशी ह्यांनी कागद पुढे केला. मी वाचला आणि इतकी बोलले, इतकी बोलले, की समोरच्या इमारतीतल्या आजींनी खिडकी लावून घेतली. हे खाली मान घालून ऐकत होते. मला तर वाटतं, बरं वाटत होतं त्यांना.

आता इस्त्रीचं. काल सकाळी स्वतः खोलीवर आले. खुर्चीवर आधी रुमाल पसरला, मग बसले. गोड बोलले. "विश्वस्तांना वाईट वाटलं. आम्ही माणूस टाकणारे नाही. माळीकाम जमणार नाही, पण फाटकावर बसायला माणूस लागतोच. खोल्या राहू देत तुमच्याकडे." मी मनात म्हटलं, ह्या माणसाच्या तोंडून हे कसं? मग त्यांनी कागद काढला. टाइप केलेला, तयार. "मी लिहून देतो की माझ्या हातांचा विकार मी येथे नोकरीस लागण्यापूर्वीपासूनचा असून त्याचा येथील कामाशी संबंध नाही." खाली सहीपुरती रेघ.

मला खरंच ओकारी आली. उठून मोरीपाशी गेले. आयुष्यभर घाण उपसणाऱ्याच्या घरात बसून, खुर्चीला रुमाल लावून, हा माणूस असला कागद पुढे करतो! परत आले तर हे पेन शोधत होते.

"अहो!" म्हटलं.

"खोल्या राहतात," हे म्हणाले. "दुसरं काय हवंय आपल्याला?" पंधरा तारखेपासून त्यांना पेनही धरता येत नव्हतं, सारखं बोटांतून सुटत होतं. इस्त्री घड्याळ बघत होते. मग हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जरा हात धर माझा. सही करू."

माझं काय झालं असेल ते तुला लिहून कळणार नाही. ज्या माणसाने दोन वर्षं बटणं लावायला मदत मागितली नाही, त्याने मागितलेली ही पहिली मदत. आणि कशासाठी! मी म्हटलं, "तुमचे हात आहेत, तुमची सही आहे. करायची तर करा, मी अडवणार नाही. घर गेलं म्हणून रडणारही नाही आणि राहिलं म्हणून टोमणेही मारणार नाही. पण ह्या कागदासाठी मी हात धरणार नाही. तुमचं जेवण भरवेन, हे नाही करणार."

"भरवायची गरज नाही," हे एकदम तडकले. इस्त्री उठले, कागद टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी नेईन," म्हणाले. रुमाल घडी करून खिशात.

काल दिवसभर हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवणावर बसले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस मला कधी माफ करायचा नाही. एकदा माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की आजवर मी त्यांच्याकडे कशी बघत असेन ते मला कळलं.

आज सकाळी मी चहा घेऊन आले तर हे टेबलाशी बसलेले. पेन मुठीत धरलं होतं, लहान मुलं खडू धरतात तसं, आणि दुसऱ्या हाताने ती मूठ दाबून धरली होती. इस्त्रीच्या टाइप केलेल्या ओळींवर, आडवंतिडवं, बोटभर उंचीचं एकेक अक्षर काढत होते. घाम आला होता. एक अक्षर झालं की डोळ्यांनी बघून खात्री करायचे, मग पुढचं. मी कप ठेवला आणि दाराशी उभी राहिले. पुढे गेले नाही. हात शिवशिवत होते, पण गेले नाही. तीन शब्दांना पाऊण तास लागला.

"हात इथेच गेले."

खाली सही केली.

इस्त्री नऊला आले, वाचलं, आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा म्हणाले. करतो. कागद नेण्याआधी मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, त्याची छापील प्रत सातही विश्वस्तांना जाईल, आणि ह्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलेला दाखलाही. काय व्हायचं ते होवो. तुझ्याकडे एखादी जागा बघून ठेव, तळमजल्यावरची चालेल, लहान चालेल, पण आसपास झाड नको.

आज आम्ही एका टेबलावर जेवलो. चमचा त्यांच्या हातातून तीनदा पडला. मी उचलला नाही, त्यांनीच वाकून उचलला, आणि धुतला नाही म्हणून मी बोलले.

तुझी ताई